सरसकट जंतनाशक बंद: शेळ्यांच्या कळपातील प्रकल्प नोंदी

२६ मे

कळपात एकूण ४६ जनावरे: २८ शेळ्या, २ बोकड आणि १६ करडे. आजवरची पद्धत अशी की दर तीन महिन्यांनी सगळ्यांना एकाच दिवशी अल्बेंडाझोल पाजायचे आणि वहीत तारीख लिहायची. एवढे करूनही गेल्या पावसाळ्यात करडे वाळत गेली, दोन शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरले आणि औषध पाजून आठवडाही झाला नव्हता तेवढ्यात एक करडू गेले.

त्या करडाचे शवविच्छेदन पशुवैद्यकांनी लगेच केले, त्यामुळे कारण हाती लागले. चौथे पोट उघडल्यावर आतल्या अस्तराला दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे, तांबड्या-पांढऱ्या पिळाचे बारीक जंत शेकड्यांनी चिकटलेले होते. हिमाँकस कॉन्टॉर्टस. हा जंत रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर रक्त जाते. करडाच्या अंगात मुळात रक्त ते किती!

डॉक्टरांचा प्रश्न एकच होता: "औषध पाजल्यावर ते लागू पडलं का, हे कधी मोजलंत?" मोजले नव्हते. म्हणून या हंगामात तीन कामे ठरवली. लेंड्यांतली जंतांची अंडी आपणच मोजायची. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जनावराची पापणी तपासून (रक्त कमी झाले की ती आतून पांढरी पडते) गरज असेल त्यालाच औषध द्यायचे. आणि कोणते औषध अजून काम करते ते शोधायचे. औषध आणि मात्रा दर वेळी डॉक्टरांना विचारूनच.

कळप चारायला नेणाऱ्या मामांना हे पटले नाही. "दादा, एकालाही हगवण नाही, मग जंत कसले?" हा समज सगळीकडे आहे आणि याच जंताच्या बाबतीत तो घात करतो. हिमाँकसमध्ये हगवण बहुधा लागतच नाही. लेंड्या घट्ट, चरणे चालू, आणि आतून रक्त संपत जाते.

३० मे

सामान जमवले. १० पट वस्तुभिंग असलेला साधा मायक्रोस्कोप, मॅकमास्टर काचपट्टी, ग्रॅमचे दशांश दाखवणारा वजनकाटा, चहाची गाळणी, ड्रॉपर, मोजपात्र, हातमोजे. मॅकमास्टर पट्टीत दोन कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यावर रेघांची जाळी कोरलेली असते आणि जाळीखाली बरोबर ०.१५ मिलिलिटर द्रव मावतो.

पद्धत: ४ ग्रॅम लेंड्या ५६ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करायच्या, गाळायच्या, ढवळता ढवळता ड्रॉपरने उचलून दोन्ही कप्पे भरायचे. पाच मिनिटे थांबायचे. अंडी हलकी असल्याने वर तरंगतात. दोन्ही जाळ्यांतली अंडी मोजून ५० ने गुणले की एका ग्रॅममधली अंडी मिळतात. पुढे सगळीकडे "अंडी" म्हणजे हाच आकडा.

३ जून

पहिल्या सगळ्या नमुन्यांत शून्य. अगदी ज्या शेळीच्या पापण्या कागदासारख्या पांढऱ्या, तिच्यातही शून्य. आनंद मानण्यासारखे यात काही नव्हते, कारण कळपाची अवस्था समोर दिसत होती.

दोष पाण्यात निघाला. मीठ अंदाजाने टाकले होते. हायड्रोमीटर बुडवून पाहिला तर घनता १.१२ भरली. गोलकृमींची अंडी नीट तरंगायला ती १.२० च्या आसपास हवी. लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळते. पाणी गरम करून, मीठ विरघळेनासे होईपर्यंत टाकत राहायचे, थंड होऊ द्यायचे आणि तळाशी थोडे मीठ उरले की समजायचे पाणी संपृक्त झाले. तरी दर वेळी हायड्रोमीटर लावाच. या एका गोष्टीपायी पहिली सगळी मोजणी फेकावी लागली.

दुसरी अडचण हवेच्या बुडबुड्यांची. बुडबुडा पूर्ण गोल असतो आणि त्याची कड काळीकुट्ट, जाड दिसते. गोलकृमीचे अंडे लांबट असते, कवच पातळ, आत पेशींचा पुंजका. लांबी ७० ते ९० मायक्रॉन. मायक्रोस्कोप आधी जाळीच्या रेघांवर स्थिर करायचा. अंडी वरच्या काचेला लागून असतात, तळाशी शोधली तर घाण तेवढी दिसते.

६ जून

नवे पाणी, नवे नमुने. अंडी दिसली. पण सकाळी घेतलेल्या आणि संध्याकाळी मोजलेल्या नमुन्यांत आकडे फारच कमी, आणि काही ठिकाणी वळवळणाऱ्या अळ्या. नमुने दिवसभर उन्हात तापलेल्या पिशवीत पडून होते, अंडी उबली होती. उबलेले अंडे मोजणीत येत नाही.

त्यानंतरचा नियम: लेंड्या जमिनीवरून उचलायच्या नाहीत, हातमोजा घालून थेट गुदद्वारातून काढायच्या. छोट्या पिशवीत भरून हवा दाबून काढायची, बिल्ल्याचा क्रमांक लिहायचा, बर्फाच्या डब्यात टाकायचे. फ्रीजमध्ये ४ अंशाला ठेवता येतात, गोठवायचे मात्र नाही. शक्यतो त्याच दिवशी मोजणी उरकायची. मीठ-पाण्यात फार वेळ राहिलेली अंडी आकसून ओळखू येईनाशी होतात, म्हणून पट्टी भरल्यावर तासाच्या आत वाचायची.

मायक्रोस्कोपवर मिठाचे पाणी सांडले तर लगेच ओल्या फडक्याने पुसा. एका रात्रीत पट्टीच्या क्लिपांवर गंज धरला.

१४ जून

पापणी तपासायचे प्रशिक्षण घेतले. त्यासाठीचा "फामाचा" नावाचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला. फाफा मालन या पशुवैद्यकांच्या नावाची आद्याक्षरे आणि "चार्ट" हा शब्द जोडून हे नाव पडले. तक्त्यावर पापणीच्या आतल्या बाजूचे पाच रंग असतात: १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे पांढरी. १ आणि २ ला औषध नाही. ४ आणि ५ ला लगेच. ३ ला विचार करून. आम्ही ठरवले की करडू, गाभण, दुभती किंवा हडकलेली शेळी ३ वर असेल तर औषध द्यायचे, धडधाकट मोठी शेळी असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचे.

तक्ता खराच हवा. मोबाइलवरचा फोटो किंवा रंगीत झेरॉक्स उपयोगाची नाही, रंग बदलतो. वापरून झाला की अंधारात ठेवायचा, उन्हाने तो फिका पडतो आणि मग सगळीच जनावरे बरी वाटू लागतात.

पापणी पाहायची हातोटी अशी. वरच्या पापणीने डोळा झाकायचा, अंगठ्याने बुबुळ हलके आत दाबायचे, खालची पापणी खाली ओढायची, की आतला पडदा उसळून बाहेर येतो. पाहायचा तो पडद्याचा मधला भाग. काठ नेहमीच फिका असतो. हे सारे सूर्यप्रकाशात, आणि दोन-तीन सेकंदांत. जास्त वेळ उघडे धरले तर पडदा लाल होत जातो आणि आकडा सुधारल्यासारखा भासतो. दोन्ही डोळे पाहायचे, जो आकडा वाईट तो लिहायचा.

आजचा निकाल: ४६ पैकी ३ जनावरे ५ वर, ६ जनावरे ४ वर, ११ जनावरे ३ वर, बाकी २६ ठीक. सवयीप्रमाणे सगळ्यांना पाजले असते तर यातल्या निम्म्याहून अधिक जनावरांना विनाकारण औषध गेले असते. ४ आणि ५ वाल्या नऊ जणांना डॉक्टरांनी लेव्हॅमिसोल हे दुसरे जंतनाशक दिले.

२८ जून

औषधाच्या चाचणीआधी मात्रेची खात्री करायला बसलो. औषध लागू पडत नाही म्हणण्याआधी ते पोटात पूर्ण जाते की नाही हे कळायला हवे.

वजन. नजरेने २८ किलो वाटणारी शेळी काट्यावर ३७ भरली. सगळ्यांची वजने घेतली. एकूण कळपाला आजवर कमीच औषध जात होते. कमी मात्रा म्हणजे दुबळे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात.

पिचकारी. १० मिलिलिटरवर लावून दहा वेळा मोजपात्रात दाबली. १०० ऐवजी ८२ भरले. आतले रबर झिजले होते. रबर बदलून पुन्हा मोजली, ९९. ज्यांच्याकडे पिचकारी आहे त्यांनी ही तपासणी आजच करावी.

शेळीची मात्रा. शेळीचे यकृत बरीच जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. त्यामुळे बाटलीवरची मेंढीची मात्रा शेळीला अपुरी पडते. पशुवैद्यक साधारण दीड ते दोन पट देतात. लेव्हॅमिसोल मात्र दीडपटीच्या पुढे न्यायचे नाही, त्याची सुरक्षिततेची मर्यादा अरुंद आहे आणि विषबाधा होते. हे ठरवणे डॉक्टरांचे काम.

पाजण्याची रीत. पिचकारीचे तोंड जिभेच्या मुळापाशी न्यायचे आणि औषध जिभेवरून मागे सोडायचे. ओठांपाशी सोडले तर औषध कोटीपोटाला (पहिल्या, मोठ्या पोटाला) वळसा घालून पुढे जाऊ शकते आणि लवकर निघून जाते. डोके फार वर धरायचे नाही, ठसका लागून औषध फुप्फुसात जायला नको.

८ जुलै

पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि आकडे चढू लागले. हिशेब जुळतो, कारण अळी पोटात गेल्यापासून अंडी सुरू व्हायला या जंताला साधारण तीन आठवडे लागतात. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते.

औषधाची चाचणी आज सुरू केली. दहा-दहा जनावरांचे दोन गट, वजन आणि अंडी यांत दोन्ही गट जवळपास सारखे. एकाला अल्बेंडाझोल, दुसऱ्याला लेव्हॅमिसोल. काट्यावरच्या वजनाने मात्रा, तपासलेली पिचकारी. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळ्या अल्बेंडाझोलच्या गटात घेतल्या नाहीत, सुरुवातीच्या गाभणकाळात हे औषध गर्भाला बाधते. आदल्या संध्याकाळपासून अल्बेंडाझोल गटाचा चारा कमी ठेवला. पोट हळू सरकते आणि औषधाला वेळ मिळतो. पापणी ५ वर असलेले कोणतेही जनावर चाचणीत घेतले नाही, त्यांना थांबवून ठेवता येत नाही.

आयव्हरमेक्टिनचा तिसरा गट करायचा होता. पुरेशी अंडी टाकणारी जनावरेच उरली नाहीत. चाचणीआधी गटाची सरासरी निदान दीडशे-दोनशेच्या वर हवी, नाहीतर टक्केवारीला अर्थ राहत नाही.

२२ जुलै

चौदावा दिवस. तीच जनावरे, तीच पद्धत, मोजणाराही तोच.

अल्बेंडाझोल: आधी सरासरी १,४५०, नंतर ८७०. घट ४० टक्के.

लेव्हॅमिसोल: आधी १,३८०, नंतर ४५. घट सुमारे ९७ टक्के.

चांगल्या औषधाने घट ९५ टक्क्यांच्या वर जायला हवी. म्हणजे वर्षानुवर्षे वहीत "जंतनाशक दिले" असे लिहिले जात होते तेव्हा अर्ध्याहून अधिक जंत जिवंत राहत होते. गेल्या वर्षीचे करडू औषधानंतर का गेले त्याचे उत्तर या दोन ओळींत आहे. हे वाचून मला फार वाईट वाटले, कारण ही चाचणी काही अवघड नव्हती.

डॉक्टरांनी कंपनी बदलून तेच औषध घेण्याबद्दल बजावले. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही एकाच घराण्यातली औषधे. एकाला जंत सरावले की दुसऱ्यालाही बहुधा दाद देत नाहीत. बाटलीवरचे नाव बदलून उपयोग नाही, घटकाचा गट वाचायला हवा.

अल्बेंडाझोल गटातल्या ३ ते ५ पापणीच्या जनावरांना आज लेव्हॅमिसोल दिले. दूध आणि मांसासाठी बाटलीवर दिलेला थांबण्याचा काळ गोठ्याच्या फळ्यावर लिहून ठेवला.

५ ऑगस्ट

आता लेव्हॅमिसोल वाचवणे हेच खरे काम. तेही सगळ्यांना सरसकट पाजत राहिलो तर त्याचीही गत अल्बेंडाझोलसारखी होणार. ज्या शेळ्यांना औषध दिले नाही त्यांच्या पोटातले साधे, औषधाला मरणारे जंत कुरणात अंडी टाकत राहतात, आणि चिवट जंतांची पैदास त्या गर्दीत पातळ होते. त्यासाठी काही शेळ्या बिनऔषधाच्या ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. मामांना ही गोष्ट सर्वांत कठीण गेली. "जंत दिसतायत तरी सोडून द्यायचे?" हो, जनावर ठणठणीत असेल तर.

९ क्रमांकाची शेळी याचे चांगले उदाहरण. अंडी २,३००, पापणी २, अंगावर मांस, दूध व्यवस्थित. तिला औषध दिले नाही. पण ती कुरण घाण करते हेही खरे, म्हणून तिच्या पोटची पाट (मादी करडू) पैदाशीला ठेवायची नाही असे लिहून ठेवले. याउलट १७ क्रमांक: अंडी १,१००, पापणी ४, हाडे वर आलेली. तिला जंत सोसतच नाहीत.

वीस-तीस टक्के जनावरे कळपातले जवळजवळ ऐंशी टक्के जंत बाळगतात असे सांगतात. आमच्या वहीतही तेच दिसते, तेच ते क्रमांक पुन्हा पुन्हा येतात.

वेळेचा हिशेब: सुरुवातीला एका नमुन्याला वीस मिनिटे लागत, आता आठ-दहा. सगळ्या कळपाच्या पापण्या पाहायला दोन माणसांना तासभर. सगळ्यांची अंडी दर वेळी मोजत नाही. दहा शेळ्यांच्या सारख्या वजनाच्या लेंड्या एकत्र कालवून एक नमुना करतो, कळपाचा कल त्यातून कळतो.

१२ ऑगस्ट

करडांना हगवण, शेपट्या भरलेल्या. मामा म्हणाले, "आता तरी जंत म्हणाल ना?" मोजणीत जंतांची अंडी जेमतेम, पण बारीक गोलसर, अंड्यांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे पुष्कळ दाणे. कॉक्सिडिया. हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी, जंतनाशक याला लागू नाही. डॉक्टरांनी वेगळे औषध दिले. कारण मात्र गोठ्यात होते: करडे खाद्याच्या पाटीत पाय देऊन उभी राहत, तीतच लेंड्या टाकत. पाटी काढून भिंतीला उंचावर गव्हाण ठोकली, पाण्याचे भांडेही वर घेतले, ओली जागा खरवडून कोरडी केली.

१९ ऑगस्ट

कुरणाची योजना फसली. जूनमध्ये कुरणाचे चार भाग करून प्रत्येकात एक आठवडा चराई, असा फेरा ठेवला होता. कागदावर शिस्तशीर. प्रत्यक्षात एकत्र नमुन्यातली अंडी कमी होण्याऐवजी ९०० वरून १,६०० वर गेली.

डॉक्टरांबरोबर बसून दिवस मोजले तेव्हा दोन दोष दिसले. उष्ण, ओल्या हवेत अंड्यापासून संसर्ग करणारी अळी व्हायला चार-पाच दिवस ते आठवडा पुरतो. म्हणजे आठवड्याच्या शेवटी शेळ्या त्याच भागात स्वतःच टाकलेल्या अळ्या खात होत्या. आणि तीन आठवड्यांनी परत त्या भागात आल्या तेव्हा तिथे अळ्यांची गर्दी होती. इतक्या कमी विश्रांतीचा फेरा मोकळ्या चराईपेक्षा बरा ठरत नाही.

प्रशांत महासागरातल्या बेटांवर, अशाच उष्ण-दमट हवेत, शेळ्यांवर केलेल्या प्रयोगात दहा तुकडे करून प्रत्येकात साडेतीन दिवस चराई ठेवली होती, तुकड्याला महिनाभर विश्रांती. अळी स्वतः काही खात नाही, अंगातल्या साठ्यावर जगते, आणि गरम हवेत तो साठा लवकर संपतो. म्हणून तिथे महिना पुरला. थंड हवेत अळ्या कित्येक महिने टिकतात, तिथे हा हिशेब चालणार नाही.

२ सप्टेंबर

चारांचे दहा तुकडे केले. पक्के कुंपण परवडणारे नव्हते, सरकवता येणारी जाळी घेतली. एका तुकड्यात तीन-चार दिवस, मग पुढे. पाण्याचे भांडे प्रत्येक वेळी हलवावे लागते आणि सगळ्यांत जास्त कष्ट त्यातच जातात. जाळी रोवायला पहिल्यांदा अर्धा दिवस गेला. खुंट्यांच्या जागा कायमच्या केल्यावर काम तासात होऊ लागले.

त्याबरोबर दोन गोष्टी. गवत १० सेंटिमीटरच्या खाली आले की तुकडा बंद, कारण बहुतेक अळ्या जमिनीलगतच्या बोटभर-दोन बोटे उंचीत असतात. आणि सकाळी दव वाळल्यावरच बाहेर काढायचे. ओल्या पात्यावर अळ्या वर चढतात. झुडपांचा पाला खाणाऱ्या शेळीला जंत कमी होतात ते एवढ्यासाठीच, तिचे तोंड जमिनीपासून लांब राहते. कुंपणाकडेची झुडपे तोडायची ठरली होती, ती राखली.

पूर्वी औषध पाजून त्याच दिवशी ताज्या तुकड्यात सोडायची पद्धत होती. ती बंद. औषधातून वाचलेले चिवट जंत तेवढेच त्या स्वच्छ जागेत अंडी टाकतात.

२० सप्टेंबर

३१ क्रमांकाची शेळी. पापणी ४, जबड्याखाली सूज, म्हणून लेव्हॅमिसोल दिले होते. दोन आठवड्यांनी पापणी तशीच. अंडी फक्त ५०. औषध लागू पडले होते, पण रक्त भरत नव्हते.

तक्ता रक्त कमी आहे एवढेच सांगतो, कशाने ते सांगत नाही. गोचीड, उवा, रक्तातले परजीवी, लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा जंत), कशानेही पापणी पांढरी पडते. अंगावर गोचीड नव्हते. फ्लूकची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात ती तरंगत नाहीत, तेव्हा इतके दिवस ती आमच्या मोजणीत दिसणे शक्यच नव्हते.

गाळाची पद्धत केली. लेंड्या साध्या पाण्यात कालवून गाळल्या, उभ्या भांड्यात पाच मिनिटे ठेवून वरचे पाणी हलके ओतून दिले, पुन्हा पाणी भरले, पाणी नितळ होईपर्यंत हेच. तळाच्या गाळात मेथिलिन ब्लूचा थेंब टाकला. गाळ निळा झाला आणि त्यात मोठी, सोनेरी-पिवळी, एका टोकाला झाकण असलेली अंडी उठून दिसली. जंताच्या अंड्याच्या दीड-दोन पट लांब.

सगळ्या मोठ्या शेळ्यांचे नमुने असेच पाहिले. चार जणींत फ्लूक निघाला. चौघीही ओढ्याकाठच्या पाणथळ पट्ट्यात रेंगाळणाऱ्या. फ्लूकचा मधला मुक्काम गोगलगाईत असतो आणि तशा बारीक गोगलगाई त्या चिखलात होत्या. डॉक्टरांनी फ्लूकवर चालणारे औषध दिले आणि आम्ही तो पट्टा जाळीने तोडला. फ्लूकची अंडी लेंडीत यायला संसर्गानंतर अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा पुढची तपासणी उशिरानेच करायची.

१२ ऑक्टोबर

सहा शेळ्या व्यायला आल्या आहेत. विण्याच्या दोन आठवडे आधीपासून शेळीची जंतांना दाबून ठेवण्याची ताकद कमी होते आणि अंडी एकदम वाढतात. विल्यानंतरही सहा-आठ आठवडे तसेच चालते. त्याच काळात कोवळी करडे त्या जमिनीवर तोंड घालू लागतात. या सहा जणींची पापणी दर आठवड्याला पाहतो. दोघी ३ वर आल्या, त्यांना औषध. सगळ्यांचा प्रथिनांचा खुराक वाढवला. खुराकाने जंत मरत नाहीत, पण गेलेले रक्त भरून काढायला शेळीला बळ येते.

नव्या दहा तुकड्यांचा पहिला पूर्ण फेरा संपला. एकत्र नमुना ५५०.

८ नोव्हेंबर

नवा बोकड आणला. विकणाऱ्याने "कालच जंताचं औषध दिलंय" असे सांगितले. कोणते ते त्याला सांगता आले नाही. बोकड पक्क्या जमिनीच्या खोलीत वेगळा बांधला. अंडी ७५०. म्हणजे औषध लागू पडले नसावे, किंवा दिलेच नसावे. बाहेरून येणारे जनावर औषधाला सरावलेले जंत घेऊन येऊ शकते आणि मग आपण सहा महिने राखलेले सगळे एका दिवसात जाते. डॉक्टरांनी दोन वेगळ्या गटांतली औषधे एकापाठोपाठ दिली.

२२ नोव्हेंबर

बोकडाची अंडी शून्य. आज त्याला मोकळ्या तुकड्यात नव्हे, तर कळप चरत असलेल्या तुकड्यात सोडला. त्याच्या पोटात एखादा चिवट जंत उरलाच असेल तर तो इथल्या साध्या जंतांत मिसळावा म्हणून.

३० नोव्हेंबर

पाऊस संपला, गवत वाळू लागले. पापण्या: ५ वर कोणी नाही, ४ वर एक, ३ वर सात. जूनपासून एकही जनावर जंताने गेले नाही. औषध पूर्वीच्या तुलनेत निम्म्याहून कमी लागले. श्रम मात्र वाढले, विशेषतः जाळी हलवण्याचे, आणि एक माणूस रजेवर असला की फेरा कोलमडतो. यावर अजून तोडगा नाही.

१७ क्रमांकाला हंगामात चार वेळा औषध लागले, २२ क्रमांकाला तीन वेळा. दोघी कळपातून काढायच्या. एकदाही औषध न लागलेल्या अकरा शेळ्या आहेत. त्यांच्या पाटी पुढच्या पैदाशीसाठी राखायच्या, त्यांच्या बिल्ल्यांवर हिरवी खूण केली.

लेव्हॅमिसोलची घट ९७ टक्के होती, ती तिथेच राहील असे धरून चालणार नाही. पुढच्या पावसात आकडे चढले की दहा जनावरांवर चाचणी पुन्हा, आणि या वेळी आयव्हरमेक्टिनचा गट आधी भरायचा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लूकच्या चौघींचा गाळ पाहायचा आहे. "फामाचा" तक्ता फिका वाटू लागला आहे, नवा मागवला.